43 अधिक 43
पेसमेकरवर अर्धं आयुष्य काढणाऱ्या आर्ने लार्सन यांची गोष्ट

फोनची बॅटरी पाच टक्क्यांवर आली की तुमचं काय होतं ते आठवा. चार्जरची शोधाशोध, पॉवर बँक कुणाकडे आहे याची चौकशी, स्क्रीनचा ब्राइटनेस कमी करणं. आता समजा, ही बॅटरी फोनची नाही, तुमच्या हृदयाची आहे. ती बसवल्यावर काही तासांतच बंद पडली. तुम्ही दुसरी बसवून घ्याल? ती पण गेली तर तिसरी?

स्वीडनमधल्या एका इंजिनीअरने बसवून घेतली. तिसरी, चौथी, दहावी आणि विसावीसुद्धा. त्यांचं नाव आर्ने लार्सन. संपूर्ण पेसमेकर शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला माणूस. 26 मे 1915 ही त्यांची जन्मतारीख आणि 8 ऑक्टोबर 1958 ही ऑपरेशनची. तेव्हा ते 43 वर्षांचे होते आणि त्यांच्या जगण्याची आशा जवळपास संपली होती. त्यानंतर ते आणखी 43 वर्षं जगले. हिशोब करून बघा, बरोबर अर्धं आयुष्य स्वतःच्या जिवावर आणि अर्धं मशीनच्या साथीने.

जनरल नॉलेजच्या पुस्तकात तुम्हाला फक्त 1958 हे साल सापडेल. एका मार्काचा प्रश्न, एका ओळीचं उत्तर. पण खरी गोष्ट त्या तारखेनंतर सुरू होते. इतिहास घडला ती एक संध्याकाळ होती. त्यानंतर रोज सकाळी उठून, छातीत-पोटात वायरी घेऊन कामाला लागायचं होतं.

ठोका खाली पोचेना

आधी थोडं सायन्स. अकरावी-बारावीत बायोलॉजी असेल तर उजळणी होईल, नसेल तरी अवघड नाही. आपल्या हृदयाला चार कप्पे असतात. दोन वर, दोन खाली. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो, त्याला सायनस नोड म्हणतात. तो ठरावीक वेळाने विजेचा हलकासा इशारा देतो. आधी वरचे कप्पे आकुंचन पावतात. मग हा इशारा एव्ही नोड नावाच्या नाक्यावरून खाली जातो आणि खालचे कप्पे रक्त पंप करतात. मिनिटाला साधारण साठ ते शंभर वेळा, झोपेतसुद्धा, आपल्याला न विचारता.

लार्सन यांच्या हृदयात हा नाकाच बंद पडला होता. विषाणूच्या संसर्गानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आली आणि वरून निघालेला इशारा खाली पोचेनासा झाला. याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. अशा वेळी खालचे कप्पे स्वतःहून कसेबसे चालतात, पण फार हळू. मध्येच काही सेकंद थांबतातही. तेवढ्यात मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस उभ्याउभ्या कोसळतो. याला स्टोक्स-ॲडम्स झटका असं नाव आहे. डब्लिनमधल्या दोन डॉक्टरांची ही नावं.

1958 मध्ये लार्सन यांना असे झटके दिवसाला वीस ते तीस वेळा येत होते. म्हणजे साधारण तासाला एक. प्रत्येक वेळी कुणीतरी धावायचं, प्रत्येक वेळी त्यांना परत आणायचं. महिनोन्महिने ते हॉस्पिटलमध्ये पडून होते. औषधं बदलून झाली, पण उपयोग होत नव्हता. बायकोशी बोलता बोलता शुद्ध हरपणार आणि पुन्हा येईलच याची खात्री नाही, अशी अवस्था.

हृदयाला बाहेरून वीज देण्याची कल्पना तोपर्यंत नवी राहिली नव्हती. 1952 मध्ये बोस्टनच्या पॉल झोल यांनी छातीच्या कातडीवर इलेक्ट्रोड लावून ठोके चालू ठेवून दाखवले होते. पण तो प्रकार पेशंटला खूप दुखायचा आणि मशीन भिंतीतल्या सॉकेटला जोडलेलं असायचं. वायर जिथपर्यंत पोचते तिथपर्यंतच पेशंट जाणार. 1957 मध्ये मिनियापोलिसला अर्ल बॅकन यांनी बॅटरीवर चालणारी छोटी पेटी बनवली. ती अंगावर अडकवून फिरता यायचं. पण वायर कातडीतून आत जायची आणि त्या भोकातून जंतूही आत शिरायचे. काही दिवसांसाठी ठीक, आयुष्यभरासाठी नाही.

उरला एकच उपाय, सगळं मशीनच आत ठेवून वरून टाके घालायचे. तो कुणी माणसावर करून पाहिला नव्हता.

एल्से मारी ऐकेनात

या गोष्टीत लार्सन यांच्याइतकंच महत्त्वाचं एक नाव आहे, त्यांच्या पत्नी एल्से मारी यांचं. नवरा दिवसातून वीस वेळा बेशुद्ध पडत असताना त्या नुसत्या शेजारी बसून राहिल्या नाहीत. स्टॉकहोमजवळच्या सोल्ना इथल्या कॅरोलिन्स्का हॉस्पिटलमध्ये अशा उपकरणावर प्रयोग चालू असल्याचं त्यांना कळलं. दोन माणसं त्यावर काम करत होती. सर्जन ऑके सेनिंग आणि इंजिनीअर रुने एल्मक्विस्ट.

सेनिंग हे त्या काळातले धाडसी हार्ट सर्जन होते. त्यांचाही जन्म 1915 चाच. म्हणजे पेशंट आणि डॉक्टर एकाच वयाचे. एल्मक्विस्ट यांचं शिक्षण डॉक्टरकीचं, पण मन रमलं मशीनमध्ये. एलेमा-शोनान्डर या कंपनीत ते उपकरणं तयार करत. शाईचा बारीक फवारा मारून ईसीजी कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनीच बनवलं होतं. कॉलेजबाहेरच्या दुकानात तुम्ही ज्या इंकजेट प्रिंटरवर प्रोजेक्टची प्रिंट काढता, त्याच्या खानदानातला हा एक पूर्वज म्हणायला हरकत नाही.

दोघांचं म्हणणं साधं आणि प्रामाणिक होतं. माणसात बसवण्यालायक उपकरण अजून तयार नाही. पण एल्से मारी मागे हटल्या नाहीत. एकदा सर्जनकडे, एकदा इंजिनीअरकडे अशा त्या दोघांच्या मागे लागल्या. त्यांचा मुद्दा खोडून काढणं अवघड होतं. उपकरण तयार व्हायला वेळ लागेल हे खरं, पण त्यांच्या नवऱ्याकडे तेवढा वेळ नव्हता.

शेवटी ते दोघं तयार झाले. आज आपण मेडिकल इनोव्हेशन वगैरे मोठे शब्द वापरतो. पण पेशंटचं कुणीतरी हट्टाने दार ठोठावत राहिलं नसतं, तर हे ऑपरेशन त्या दिवशी झालं नसतं.

बूटपॉलिशच्या डबीत हृदयाचं घड्याळ

एल्मक्विस्ट यांनी बनवलेलं उपकरण आजच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला मिनी प्रोजेक्ट वाटेल. दोन ट्रान्झिस्टर, काही सुटे भाग आणि निकेल-कॅडमियमची रिचार्ज होणारी बॅटरी. त्या काळात सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर नुकतेच मिळायला लागले होते. त्यांच्यामुळेच इतक्या कमी विजेवर चालणारं सर्किट शक्य झालं.

आता हे सगळं शरीरातल्या ओलाव्यापासून वाचवायचं कसं? त्यासाठी इपॉक्सी रेझिन वापरलं. आपल्याकडे तुटलेल्या वस्तू जोडायला दोन ट्यूब एकत्र कालवून वापरतात, त्याच जातीतलं. ते ओतायला साचा हवा होता. मग घेतली चक्क बूटपॉलिशची रिकामी डबी. तयार झालेली चकती साधारण 55 मिलिमीटर व्यासाची आणि 16 मिलिमीटर जाडीची होती. कॅरमच्या स्ट्रायकरपेक्षा मोठी आणि बरीच जाड.

आणि चार्जिंग? त्याची आयडिया तर आजचीच वाटते. कातडीवर तारेचं वेटोळं ठेवायचं, त्यात वीज सोडायची आणि आतल्या वेटोळ्यात आपोआप वीज तयार होणार. तुमचा फोन वायरलेस चार्जिंगच्या चकतीवर चार्ज होतो, त्यातलं मूळ तत्त्व हेच. 1958 मध्ये ते माणसाच्या पोटावर वापरलं गेलं.

8 ऑक्टोबरला संध्याकाळी, फारसा गाजावाजा न करता ऑपरेशन झालं. छाती उघडून दोन इलेक्ट्रोड हृदयाच्या स्नायूला टाक्यांनी जोडले आणि ती चकती पोटाच्या कातडीखाली बसवली. ठोके सुरू झाले.

काही तासांतच ते बंद पडले. पेसमेकर निकामी झाला होता.

सुदैवाने एल्मक्विस्ट यांनी दोन नग बनवले होते. दुसरा बसवला. तोही फार काळ टिकला नाही. म्हणजे ज्या ऑपरेशनला आपण आज मैलाचा दगड म्हणतो, ते त्या आठवड्यात बघणाऱ्याला सरळसरळ फसलेलं वाटलं असतं. खुद्द एल्मक्विस्ट यांनाही या उपकरणाचं फार मोठं कौतुक नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या गमतीची गोष्ट, इतपतच त्यांचं मत होतं.

पण लार्सन वाचले होते. नंतर बराच काळ त्यांच्या शरीरात पेसमेकर नव्हता. औषधांवर आणि स्वतःच्या हृदयाच्या अडखळत्या ठोक्यांवर दिवस ढकलणं चालू होतं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना पुन्हा पेसमेकर बसवला गेला आणि मग मात्र पेसमेकरची साथ कायमची झाली.

पुन्हा पुन्हा टेबलावर

इथून पुढची गोष्ट सिनेमात कुणी दाखवत नाही, कारण तिच्यात क्लायमॅक्स नाही.

आयुष्यभरात लार्सन यांना वीसहून जास्त पेसमेकर लागले. 43 वर्षांना भागा, सरासरी दोन वर्षांना एक असा हिशोब येतो. पाच वेळा हृदयापर्यंत जाणाऱ्या वायरींची जोडणीही नव्याने करावी लागली. प्रत्येक वेळी हॉस्पिटल, चिरा, टाके, जखम भरण्याची वाट बघणं आणि पुन्हा घरी. तुम्ही वर्षातून दोनदा सेमिस्टरच्या परीक्षेला वैतागता ना? इथे पेपर कधी येणार हे आधी माहीत नसायचं आणि नापास होण्याची मुभा नव्हती.

त्या काळचे पेसमेकर आजच्यासारखे शहाणे नव्हते. सुरुवातीचे तर एकाच वेगाने चालायचे. समजा, मिनिटाला सत्तर ठोके. तुम्ही गाढ झोपलात तरी सत्तर आणि सुटणारी एसटी पकडायला धावलात तरी सत्तर. शरीराला जास्त रक्त हवं असतं, पण मशीनला ते कळत नाही. मग जिना चढताना दम लागणार, घाई करता येणार नाही, हे शिकून घ्यावं लागायचं. वायरी तुटायच्या, बॅटऱ्या अंदाजापेक्षा आधी संपायच्या, रेझिनमधून ओलावा आत शिरायचा. नंतर पारा-जस्ताच्या बॅटऱ्या आल्या, त्या साधारण दोन-तीन वर्षं चालत. 1970 च्या दशकात काही पेशंटच्या शरीरात तर प्लुटोनियमवर चालणारे पेसमेकर बसवले गेले. हो, तेच अणुऊर्जेतलं प्लुटोनियम.

मग एकेक सुधारणा होत गेली. छाती उघडण्याऐवजी खांद्याजवळच्या शिरेतून वायर हृदयापर्यंत नेता येऊ लागली. हृदयाचा स्वतःचा ठोका पडला तर गप्प बसणारा आणि नाही पडला तरच काम करणारा पेसमेकर आला. 1970 च्या दशकात लिथियम-आयोडीनची बॅटरी आली आणि आयुर्मान एकदम वाढलं. बाहेरून, कातडीला न कापता सेटिंग बदलता येऊ लागलं. 1980 च्या दशकात हालचालीनुसार वेग वाढवणारे पेसमेकर आले. धावलात तर ठोकेही वाढणार.

लार्सन यांनी ही सगळी स्थित्यंतरं बातमीत वाचली नाहीत, अंगावर अनुभवली. वेगवेगळ्या पिढ्यांचे पेसमेकर त्यांच्या शरीरात राहून गेले. तुमच्या घरात कॅसेट, सीडी, पेन ड्राइव्ह आणि आता स्ट्रीमिंग असं सगळं ज्यांनी वापरलंय असे काका असतील ना, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे जुनं मॉडेल ड्रॉवरमध्ये टाकून देऊन भागत नव्हतं, ते कापून काढावं लागत होतं.

सवय व्हायची म्हणजे काय

शरीरात मशीन बसवलेल्या माणसाला नेमकी कशाची सवय करून घ्यावी लागते? दुखणं आठवड्याभरात कमी होतं. कातडीखालचा उंचवटाही काही दिवसांनी हाताला ओळखीचा होतो. डोक्यातून जात नाही तो विचार वेगळाच असतो. हे बंद पडलं तर?

ज्याच्या बाबतीत ते खरंच बंद पडलं होतं, त्याने या विचाराचं काय करावं? लार्सन यांनी जे केलं ते त्यांच्या जगण्यातून दिसतं. ते घरात बसून राहिले नाहीत. इंजिनीअर म्हणून कामाला लागले, निवृत्त होईपर्यंत काम केलं, प्रवास केले. नव्याने पेसमेकर बसवलेल्या, घाबरलेल्या पेशंटना भेटत राहिले. पेसमेकरवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आणि इंजिनीअरच्या जगात ते ओळखीचा चेहरा झाले. परिषदांमध्ये त्यांचं असणं हाच एक पुरावा होता. तक्ता दाखवायची गरजच काय, माणूस समोर उभा आहे.

त्यांच्या आयुष्याकडे बघून मला एक गोष्ट कळते. मशीनची काळजी ठरलेल्या तारखेला घ्यायची आणि बाकीचे दिवस स्वतःसाठी मोकळे ठेवायचे. तपासणी चुकवायची नाही, बदलायची वेळ आली की पुढे ढकलायची नाही. पण दोन तपासण्यांच्या मध्ये जी शेकडो सकाळ-संध्याकाळ येतात, त्या पेशंट म्हणून घालवायच्या नाहीत. ऐकायला सोपं आहे. पण वीस वेळा टेबलावर जाऊन आल्यावरही ते जमवायचं, हे सोपं नाही.

आपल्याला वाटतं, मशीनवर अवलंबून असणं म्हणजे परावलंबी होणं, निम्मं आयुष्य जगणं. मग चष्म्याचं काय? इन्शुलिनचं काय? लार्सन यांच्या हृदयाला वीज बाहेरून मिळत होती, पण त्या ठोक्यांवर जगलेली वर्षं त्यांचीच होती.

डॉक्टर गेले, पेशंट राहिला

डिसेंबर 1996 मध्ये रुने एल्मक्विस्ट गेले. जुलै 2000 मध्ये ऑके सेनिंग गेले. ज्यांनी आर्ने लार्सन यांना वाचवलं त्या दोघांनंतरही लार्सन होते. 1958 च्या त्या संध्याकाळी ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी पैज लावली असती, तर कुणाच्या नावावर लावली असती?

28 डिसेंबर 2001 रोजी लार्सन यांचं निधन झालं. वय 86. कारण होतं कॅन्सर. हृदयाशी किंवा पेसमेकरशी त्याचा काही संबंध नव्हता. ज्या हृदयाने त्यांना त्रेचाळिसाव्या वर्षी दगा दिला होता, ते शेवटपर्यंत चालू राहिलं.

आता तुमच्या घराकडे वळू

तुम्ही म्हणाल, स्वीडनच्या कुणा लार्सनची गोष्ट आपल्याला कशाला? कारण आज तुमच्या घरात, वाड्यात, सोसायटीत नाहीतर गावी कुणाच्या तरी छातीत मशीन बसवलेलं असतं. आजी, आजोबा, मामा, शेजारचे काका. कधी तर तुमच्याच वर्गातलं कुणी. काही मुलं जन्मतःच हार्ट ब्लॉक घेऊन येतात आणि शाळेत जायच्या आधीच त्यांना पेसमेकर बसतो.

आणि बहुतेक घरांत घडतं काय? मशीन बसवलं त्या दिवसापासून माणसालाच काचेच्या कपाटात ठेवलं जातं. जिना चढू नका, मिक्सरजवळ जाऊ नका, फोनला हात लावू नका, एकटे बाहेर जाऊ नका. काळजी खरी असते, पण माहिती अर्धवट असते. म्हणून थोडं स्पष्ट सांगते.

आजचा साधा पेसमेकर वजनाने वीस-तीस ग्रॅमचा असतो. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते. ती एका रात्रीत संपत नाही, तपासणीत बरेच महिने आधी कळतं. बदलताना बहुतेक वेळा वायरी तशाच ठेवून फक्त वरचं मशीन बदलतात. काही पेशंटना तर आता वायर नसलेला, औषधाच्या कॅप्सूलएवढा पेसमेकर थेट हृदयात बसवतात.

ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो, जड पिशव्या उचलायच्या नसतात, कारण वायर जागच्या जागी घट्ट बसायला वेळ लागतो. पण हात पूर्ण आखडूनही ठेवायचा नाही, नाहीतर खांदा धरतो. नंतर डॉक्टरांनी हो म्हटलं की चालणं, पोहणं, प्रवास, कॉलेज, नोकरी सगळं चालतं. कबड्डी किंवा बॉक्सिंगसारख्या, छातीवर जोरात मार बसू शकणाऱ्या खेळांबद्दल मात्र आधी विचारायचं.

मोबाइल वापरता येतो. फक्त शर्टाच्या वरच्या खिशात, मशीनच्या अगदी जवळ ठेवायचा नाही. साधारण 15 सेंटीमीटर अंतर आणि पलीकडच्या कानाला लावायचा. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह चांगल्या स्थितीत असतील तर घाबरायचं कारण नाही. इंडक्शन शेगडीपासून मात्र दोनएक फूट लांब राहायचं. मेटल डिटेक्टरच्या दारातून नेहमीच्या चालीने जायचं, तिथे रेंगाळायचं नाही. सिक्युरिटीवाल्याला कार्ड दाखवायचं आणि हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू नका असं सांगायचं. वेल्डिंगचं काम असेल किंवा एमआरआय काढायचा असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचंच.

आणखी एक गोष्ट. छातीतलं प्रत्येक मशीन पेसमेकर नसतं. आयसीडी नावाचं दुसरं उपकरण हृदयाची लय धोकादायक झाली तर आतूनच शॉक देतं. दोन्हींचे नियम थोडे वेगळे असतात. म्हणून आपल्या माणसाच्या छातीत नेमकं काय आहे, हे घरात किमान एकाला तरी माहीत हवं.

आता एक अवघड विषय, जो घरात कुणी काढत नाही. पेसमेकर असलेल्या व्यक्तीचं निधन झालं, तर दहनाआधी तो काढून घ्यावा लागतो, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. त्या गडबडीत हे कुणाला आठवत नाही. तरुण माणसाने आठवण ठेवून हॉस्पिटलमध्ये सांगायला हवं.

आणि काढलेल्या पेसमेकरचं पुढे काय होऊ शकतं? याचं एक उदाहरण मुंबईतलंच आहे. इथल्या एका रुग्णालयात 2004 ते 2010 या काळात 53 गरीब रुग्णांना असे पेसमेकर बसवले गेले. अमेरिकेत निधन झालेल्या व्यक्तींच्या कुटुंबीयांनी ते दान केले होते. बॅटरी पुरेशी शिल्लक आहे ना हे तपासून आणि निर्जंतुक करून ते वापरले गेले. जवळपास सगळ्या रुग्णांचा त्रास कमी झाला. लार्सन यांना आयुष्यात वीसहून जास्त पेसमेकर मिळाले. आपल्याकडे अनेकांना पहिलाच परवडत नाही, हेही लक्षात असू द्या.

तर आज घरी गेलात की एक काम करा. ज्यांच्या छातीत मशीन आहे, त्यांना विचारा की पेसमेकरचं कार्ड कुठे ठेवलंय. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल आणि बसवल्याची तारीख असते. त्याचा फोटो काढून तुमच्या फोनमध्ये ठेवा. पुढची तपासणी कधी आहे ते विचारून रिमाइंडर लावा. रिमाइंडर वाजला की सोबत जा.

आणि बाकीच्या दिवशी आजोबा पिशवी घेऊन भाजी आणायला निघाले, तर त्यांना जाऊ द्या.